रंजना शापित नव्हती

मागच्या हिवाळ्यात शहापुरात मराठी विनोदी चित्रपटांवर एक व्याख्यान झालं. भातसानगरहून मी खास त्यासाठी गेले होते. वक्ते अभ्यासू, आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं. दादा कोंडके, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर ते तास-सव्वातास रंगून बोलले. अभिनेत्री रंजनाचं नाव शेवटच्या पाच मिनिटांत आलं आणि तीन वाक्यांत संपलं. दिसायला गोड होती, अशोकमामांना साथ छान द्यायची, पण बिचारी शापित निघाली. 'शापित' म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला. सभागृह चुकचुकलं. माझ्या शेजारच्या बाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. वक्ते आभाराकडे वळले.

मला रडू आलं नाही, राग आला. उठून बोलायचं होतं, पण प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलेला नव्हता आणि मला घरी परतायची गाडी गाठायची होती. म्हणून जे तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. त्या एका वक्त्यांशी माझं भांडण नाही. त्यांनी जे सांगितलं तेच गेली पंचवीस वर्षं सगळे सांगत आलेत. दर ३ मार्चला, रंजनाच्या पुण्यतिथीला, जे लेख येतात त्यांची सुरुवात अपघाताने होते आणि शेवट चाकांच्या खुर्चीवर. मधल्या कामाला चार ओळी, त्यातही चित्रपटांची नुसती नावं. एका मोठ्या विनोदी अभिनेत्रीला आपण 'दुर्दैव' या एका शब्दात घालून ठेवलं आहे आणि वर त्याला श्रद्धांजली म्हणतो.

आधी 'साथ' या शब्दाकडे येते. तोच मला जास्त डाचतो.

साथ तबलजी देतो, पेटीवाला देतो. मैफल गवयाची असते. अशोक सराफ गवई आणि रंजना पेटीवर, असं चित्र या शब्दातून उभं राहतं. 'गोंधळात गोंधळ' (१९८१), 'गुपचूप गुपचूप' (१९८३), 'बिन कामाचा नवरा' (१९८४) हे चित्रपट पुन्हा काढून बघा आणि मला सांगा, असं दिसतं का? दोन माणसांचा विनोद फुगडीसारखा असतो. दोघींनी हात घट्ट धरून अंग मागे टाकायचं, एकीच्या ओढीवर दुसरीने तोलायचं. एकीने हात ढिला सोडला की दोघी पाठीवर. फुगडीत मुख्य कोण आणि साथीला कोण, हा प्रश्न कुणी विचारतं का?

अशोक सराफांची थोरवी मला तिळभर कमी करायची नाही. त्यांच्या कामावर मी वाढले. पण त्यांच्या चेहऱ्यावरची गडबड, अर्धवट तोडलेलं वाक्य, एकदम उडी मारणारा आवाज यांचा हशा पिकतो तो समोरच्या माणसाने ते खरं मानल्यामुळे. समोरची बाई जर 'मी आता विनोदी चित्रपटात आहे' अशा तोंडाने उभी राहिली, तर तोच विनोद पाण्यात जातो. रंजना कधीही तशा तोंडाने उभी राहिली नाही. ती ऐकते. मराठी पडद्यावर ऐकणाऱ्या नट्या फार थोड्या झाल्या. पुष्कळजणी स्वतःच्या वाक्याची वाट बघत उभ्या असतात. रंजनाला समोरचं वाक्य आत्ता, पहिल्यांदाच कानावर पडतंय असं वाटतं. मग डोळे आधी हलतात, मान मागून येते, आणि शब्द येईपर्यंत आपण हसून मोकळे झालेलो असतो. याला साथ म्हणायचं असेल तर नाटक-सिनेमातल्या अर्ध्या कलेला साथच म्हणावं लागेल.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. भातसानगरच्या मैदानात मी ते पाहिलं.

भातसा धरणाच्या कामाबरोबर आमची वसाहत उभी राहिली. माझे वडील धरणाच्या कामावर होते. १९८३ साली, जलाशयात पाणी भरू लागलं त्या पावसाळ्यात, खर्डीच्या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. मी लहान होते. भांडी फडताळात किणकिणायची आणि आई आम्हाला दंडाला धरून अंगणात ओढायची. किती रात्री आम्ही बाहेर कांबळं अंथरून काढल्या याला गणती नाही. सप्टेंबरात मोठा धक्का बसला, त्यानंतर तर घरात झोपायला कुणी तयार होईना. त्याच दिवसांतली ही गोष्ट. मैदानात दोन बांबूंमध्ये पांढरा पडदा बांधला आणि सोळा एमएमच्या मशीनवर 'गोंधळात गोंधळ' लावला.

पडद्यासमोर खुर्च्या होत्या, त्यांवर साहेब मंडळी. त्यांच्यामागे चटयांवर पुरुष आणि मुलगे. बायकांना समोर जागाच उरली नव्हती. त्या पडद्याच्या मागल्या अंगाला बसल्या, पोरंबाळं मांडीवर घेऊन. मी आईच्या कुशीत. कापड पातळ, त्यामुळे मागूनही चित्र स्वच्छ दिसायचं, फक्त उलटं. नावं उलट्या अक्षरांत यायची. माणसं डाव्या हाताने जेवायची. मध्येच रीळ बदलायला मशीन थांबलं की जो तो आधी जमिनीकडे बघायचा, पुन्हा हलतेय की काय म्हणून.

त्या रात्री मी एक गोष्ट ऐकली, ती अजून कानात आहे. अशोक सराफ पडद्यावर आले की हशा समोरून उठायचा, पुरुषांच्या बाजूने, आणि मग आमच्याकडे पोचायचा. रंजना काही करायची तेव्हा उलटं व्हायचं. हशा आधी आमच्याकडून उठायचा. ती नाक मुरडायची, कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहायची, आणि आमच्याकडच्या बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत हसायच्या. समोरचे पुरुष क्षणभर मागे राहायचे. त्या बायकांना ती कमर, तो हात, ते बघणं ओळखीचं होतं. आठवडाभर धास्तीने वाळून गेलेल्या त्या बायकांना मी पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरताना एक मावशी तिच्यासारखी मान वळवून दाखवत होती आणि हंडे भरून वाहत होते तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

वक्त्यांच्या तासा-सव्वातासात त्या बायकांचा हशा कुठेच नव्हता. विनोदी चित्रपटाचा इतिहास पडद्याच्या पुढल्या बाजूने लिहिला गेला आहे, ही माझी तक्रार आहे.

आता दुसरं वाक्य, जे व्याख्यानात नव्हतं पण लेखांत हमखास असतं: रंजनाची खरी ताकद 'अरे संसार संसार'मध्ये दिसली, विनोदी कामं तिने पोटासाठी केली. या वाक्यात तिच्याविषयीचा आदर आहे असं लिहिणाऱ्याला वाटतं. मला त्यात विनोदाविषयीची जुनी तुच्छता दिसते.

रंजना आली कुठून ते पाहू. आई वत्सला देशमुख, 'पिंजरा'मधली आक्का. मावशी संध्या, व्ही. शांताराम यांची नायिका आणि पत्नी. शांतारामांच्या राजकमल स्टुडिओच्या अंगणातच ती वाढली. १९७५ साली 'चंदनाची चोळी अंग अंग जाळी', त्यानंतर खानोलकरांच्या कादंबरीवरचा शांतारामबापूंचा 'चानी', १९७८ साली 'सुशीला'. हे सगळे गंभीर चित्रपट. घराण्याने आणि बॅनरने तिला जी वाट आखून दिली होती ती नृत्याची, आसवांची, मोठ्या भावनेची. त्या वाटेवर ती आयुष्यभर मानाने चालू शकली असती. तिथून ती विनोदाकडे आली, आणि तिथेही लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. पडेल ते काम घेणाऱ्या नटीचा हा प्रवास वाटतो का? मला तर तो जाणून-समजून वाढवलेला वकूब वाटतो.

आणि 'अरे संसार संसार'चं म्हणाल तर तो १९८१ सालचा, म्हणजे 'गोंधळात गोंधळ'च्याच वर्षीचा. एकाच वर्षात ती एका पडद्यावर दुष्काळाने आणि कष्टाने पिचलेली शेतकऱ्याची बायको होऊन म्हातारपणापर्यंत जाते, आणि दुसऱ्या पडद्यावर आमच्या मैदानातल्या बायकांना पोट धरून हसवते. त्या शेतकरणीसाठी तिला राज्य शासनाचं पारितोषिक मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. पण दोन्हीकडचं भांडवल एकच आहे. राबणाऱ्या बाईचं अंग कसं चालतं हे तिला ठाऊक होतं. पदर कधी खोचला जातो, वाकून उठताना हात कुठे टेकतो, दमलेली बाई रागावते तेव्हा आवाज चढतो की उलट खाली येतो, हे सगळं तिने कुठेतरी निरखून ठेवलं होतं. 'अरे संसार संसार'मध्ये त्यावर आपण रडलो. तीन वर्षांनी 'बिन कामाचा नवरा' आला, आणि त्या नावातच सगळं आलं. रिकामटेकडा नवरा आणि त्याच्याशी गाठ पडलेली बाई. तेच ज्ञान, तीच कंबर, तोच पदर, फक्त आता त्यावर आपण हसलो. एकाला कला म्हणायचं आणि दुसऱ्याला पोटाची खळगी, हा भेद कुठल्या तराजूत करता येतो ते मला दाखवावं.

उलट मी म्हणेन की दुसरं काम अवघड. रडवताना कथा मदतीला येते, संगीत येतं, दुष्काळ येतो. हसवताना क्षण चुकला की चुकला. आमच्याकडे भात लावताना चिखलात रोप धरायला जो हात लागतो तसा. जोर लावला तर रोप मोडतं, सैल धरलं तर तरंगतं.

इथे माझ्याविरुद्ध एक मुद्दा निघू शकतो, आणि तो मी टाळणार नाही. हे चित्रपट बाईला कुठे ठेवतात? राजदत्त यांचा 'मुंबईचा फौजदार' (१९८४) घ्या. रवींद्र महाजनी शहरातला फौजदार, रंजना त्याची गावाकडची बायको. नवऱ्याला तिच्या गावंढळपणाची लाज वाटते. गावच्या बाईने शहराच्या मापात बसावं, ही त्या कथेची अपेक्षा मला खटकते. खेड्यातून उल्हासनगर-कल्याणला लग्न होऊन गेलेल्या माझ्या मैत्रिणींनी ही लाज अंगावर वागवली आहे. बोलण्यातला एखादा शब्द निसटला तर सासरच्या हॉलमध्ये पिकणारा हशा त्यांनी सोसला आहे. त्या हशात आणि चित्रपटातल्या हशात नातं आहे, हे मला कबूल आहे.

पण म्हणूनच रंजनाचं काम नीट बघायला हवं. ज्या भूमिकेत बाईला हसण्यावारी न्यायचं असं कागदावर लिहिलेलं असतं, ती भूमिका तिने अशी केली की प्रेक्षक बाईच्या बाजूला जाऊन बसला. तिच्या गावठीपणात ओशाळलेपण नाही. ती आपल्या भाषेत ठाम उभी आहे आणि गोंधळलेला दिसतो तो फौजदार. 'हा सागरी किनारा' हे गाणं आजही लग्नाच्या वाजंत्रीत वाजतं, पण आमच्या वसाहतीत भाड्याच्या व्हीसीआरवर तो चित्रपट आला तेव्हा बायका गाण्यासाठी थांबल्या नव्हत्या. त्या परत परत मागे नेऊन बघत होत्या ते तिचं गावचं बोलणं. लेखकाच्या कथेवर नटीने अशी मात करणं याला कर्तृत्व म्हणतात. दोष पटकथेचा असेल तर तो पटकथेच्या खात्यावर लिहावा.

मराठीत बायकांना विनोद जमत नाही, असं त्या दिवशी वक्ते उघड बोलले नाहीत. पण यादीतून बायका गाळणं म्हणजे तेच. आणि ही गाळणी जुनी आहे. आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, आणि तमाशाचे फड. त्या तंबूत गवळणीच्या वेळी सगळ्यात मोठा हशा घेते ती मावशी, आणि मावशी असतो पुरुष. बाईचं सोंग घेतलेल्या पुरुषाला हसायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की शेजारी उभी राहून त्याला तोडीस तोड उत्तर देणारी खरी बाई आपल्या डोळ्यांत भरत नाही. १९८८ साली 'अशी ही बनवाबनवी' आला. मला तो तोंडपाठ आहे, मी त्यावर जीव टाकते. पण त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या दोन विनोदी बायका कोण? सचिन पिळगावकरांची सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्ड्यांची पार्वती. अश्विनी भावे, निवेदिता जोशी, सुप्रिया, प्रिया अरुण या चौघी खऱ्या बायका त्याच चित्रपटात होत्या आणि त्यांना हसवायला किती वाव होता ते ज्याने-त्याने आठवावं. त्याच्या आदल्याच वर्षी रंजनाचं पडद्यावरचं काम थांबलं होतं. एकीच्या जाण्याने सगळं बदललं असा दावा मी करत नाही. पण हशाचा मोठा वाटा बाईच्या हाती सोपवणारे चित्रपट तिच्या नावावर निघत होते, आणि ते निघणं पुढे कमी झालं, हे दिसायला चष्मा लागत नाही.

आणि ती एकटीही नव्हती. दादा कोंडके म्हटलं की उषा चव्हाण आणि रत्नमाला आठवायलाच हव्यात. 'सोंगाड्या'पासून दादांच्या त्या बावळट नायकाला अंगावर घेणारी, त्याच्या दुहेरी बोलण्याला न लाजता परतवून लावणारी उषा चव्हाण नसती तर तो बावळटपणा कुणापुढे दाखवला असता? आणि रत्नमालाबाईंची ती आये! 'आये' ही हाक महाराष्ट्राने दादांच्या तोंडून ऐकली, पण तिला ओ देणाऱ्या बाईचा ठसका वक्त्यांना आठवला नाही. त्याआधी शुभा खोटे. पोहण्यात आणि सायकल शर्यतीत नाव काढलेली मुलगी १९५५ साली 'सीमा'मध्ये सायकलवरून पडद्यावर आली आणि पुढे मेहमूद आणि धुमाळ यांच्यासारख्या दिग्गजांसमोर हिंदी चित्रपटात पाय रोवून उभी राहिली. नंतरच्या काळात निर्मिती सावंत यांनी छोट्या पडद्यावर गंगूबाई घराघरांत नेली. ही एक अखंड ओळ आहे. तिच्यात रंजनाची जागा मधोमध आहे, कारण नायिका आणि विनोदी नटी हे दोन खण तिने एक करून टाकले. तोवर सुंदर नायिका वेगळी आणि हसवणारी बाई वेगळी, बहुधा जाडी, बहुधा वयस्क. रंजना देखणीही होती आणि स्वतःचं देखणेपण विसरून तोंड वेडंवाकडं करायला तिला भीती नव्हती. 'दिसायला गोड होती' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तिने त्या गोडव्याला कधी जपून ठेवलं नाही.

राहिला तो 'शाप'.

१९८७ साली चित्रीकरणासाठी बंगळूरकडे जाताना गाडीला अपघात झाला आणि तिचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. २००० साली ती गेली. ही दोन वाक्यं खरी आहेत आणि ती लिहिताना माझाही हात जड होतो. ज्या अंगावर तिची सगळी कला उभी होती तेच अंग थांबलं. पण शाप म्हटलं की काय होतं ते बघा. रस्ता नाहीसा होतो. गाडी नाहीशी होते. एका चित्रपटावरून दुसऱ्या चित्रपटाकडे धावणारं कामकरी आयुष्य नाहीसं होतं. अशा माणसामागे पुढे कोण उभं राहिलं आणि कोण नाही, हे प्रश्न नाहीसे होतात. उरतं फक्त कपाळ.

आमच्या शहापूरवरून मुंबई-नाशिक महामार्ग जातो. आसनगाव ते कसारा या पट्ट्यात ज्यांचे पाय गेले अशी माणसं मला ठाऊक आहेत. एक ड्रायव्हर, एक गवंडी, एक भाजी नेणारी. त्यांना कुणी शापित म्हणत नाही. अजूनही लोक त्यांना ड्रायव्हर, गवंडी, भाजीवाली म्हणूनच हाक मारतात, कामाच्या नावाने. मग रंजनाला का तिच्या कामाचं नाव नाही? १९७५ ते १९८७ अशी बारा वर्षं ती नायिका म्हणून उभी होती. त्या बारा वर्षांवर लेखात चार ओळी, आणि रस्त्यावरच्या एका घटकेवर सगळं पान.

आणि अपघातानंतरचंही नीट सांगितलं जात नाही. 'फक्त एकदाच' या नाटकात ती चाकांच्या खुर्चीत बसून रंगमंचावर आली. हे लिहिताना लेखक 'जिद्द' हा शब्द वापरतात आणि पुढे सरकतात. मला जिद्दीपेक्षा त्यात कसब दिसतं. जिची कंबर, चाल, हात-पाय हीच भाषा होती, तिने उरलेल्या अंगातून, चेहऱ्यातून आणि आवाजातून, समोर बसलेल्या जिवंत प्रेक्षकापुढे भूमिका उभी करायची ठरवली. कॅमेरा नाही, पुन्हा घेण्याची सोय नाही. आपल्या कलेवर मालकी असलेल्या बाईचा तो निर्णय होता. तिथेही आपण खुर्चीच बघितली.

व्याख्यानाहून घरी आले त्या रात्री मी आईला सगळं सांगितलं. ती आता थकली आहे, ऐकू कमी येतं. मी फोनवर 'गोंधळात गोंधळ' लावून तिच्या हातात दिला. चष्मा सावरत ती बराच वेळ बघत राहिली. रंजना आल्यावर तिचा चेहरा उजळला, ती हसायलाही लागली, त्याच जागांवर. मग एकदम थांबली आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "ही उलटीकडनं का आली गं? आपली रंजना त्या बाजूनं यायची."